समाधान कॉलनीची शाल

आमच्या नंदाला पहिली मुलगी झाली ती दिवाळीच्या पाडव्याला. नातीचं बारसं करून आम्ही नवरा-बायको भालेपूरला परत आलो आणि पुढच्याच रविवारी समाधान कॉलनीच्या समाजमंदिरात माझा जाहीर सत्कार झाला.

"सोपानराव खिलारे, पुढे या. लाजू नका," अध्यक्ष रेठरेकर सर माईकमधून म्हणाले.

मी हौसाशेजारी मागच्या सतरंजीवर बसलो होतो. मला वाटलं, आणखी कुणी सोपान खिलारे असेल. आमच्या पुढे संस्थेचे सचिव चिवटे बसले होते. ते बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झालेले. त्यांना मी हळूच विचारलं, "माझा सत्कार? कशाबद्दल?"

"ते सर सांगतील. तुम्ही आधी उठा. तुमच्या मागे अजून एक मोतीबिंदू आहे."

म्हणजे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले एक गृहस्थ रांगेत होते.

मी पुढे गेलो. सरांनी आयुष्यभर शाळा चालवली होती, त्यामुळे त्यांचा आवाज माईकशिवायही पुरला असता. ते म्हणाले, "आपल्या कॉलनीत येऊ घातलेले हे नवे रहिवासी. उभं आयुष्य यांनी ट्रक चालवला. आणि एकही अपघात नाही!"

टाळ्या झाल्या. माझ्या ट्रकखाली एक म्हैस आणि दोन मैलाचे दगड आले होते, पण माईक सरांच्या हातात होता. त्यांनी माझ्या खांद्यावर जरीकाठाची, जांभळट लाल रंगाची शाल घातली, हातात नारळ दिला. चिवट्यांनी फोटो काढला. समाजमंदिराच्या भिंतीवर तसे कितीतरी फोटो लावलेले होते. सगळ्या फोटोंतल्या माणसांच्या अंगावर त्याच रंगाची शाल होती. मला वाटलं, हा कॉलनीचा गणवेश असावा.

हौसाला तर रडूच आलं. तिनं जन्म भाड्याच्या खोल्यांत काढला. मी गाडीवर, ती खोलीवर. दर दोन-तीन वर्षांनी घरमालक बदलायचा. भिंतीत खिळा ठोकायचा तर मालकाला विचारायचं, दळण रात्री आणलं तर मालकीण विचारायची. म्हातारपणी आपलं स्वतःचं दार असावं आणि ते आतून लावता यावं, एवढीच तिची मागणी. तेवढ्यासाठी आम्ही भालेपूरला आलो होतो.

घर गोदाक्का पाटणकरांचं. आक्का ऐंशी पार केलेल्या, विधवा. मुलगा विलास बडोद्याला. आईला घेऊन जातो म्हणाला म्हणून आक्कांनी घर विकायला काढलं. आम्ही विसार दिला. मुलगा न्यायला येईपर्यंत आक्का मागच्या खोलीत राहतील आणि पुढच्या दोन खोल्यांत आम्ही, असं ठरलं. दसऱ्याला आम्ही राहायला आलो. दिवाळी झाली, पण विलासला सुट्टी काही मिळाली नाही.

आता फक्त एक कागद बाकी होता. घर आक्कांचं असलं तरी जमीन संस्थेची. संस्थेच्या ना हरकत पत्राशिवाय खरेदीखत होत नव्हतं. माझा सत्कार झाला तेव्हा आम्हाला वाटलं, ज्याला शाल घातली त्याला पत्र कोण नाकारणार?

त्या संध्याकाळी हौसानं देवापुढे नारळ फोडला.

"अहो, ह्यात पाणीच न्हाई की!"

मी बघितलं. आत सुकून सुटलेला खोबऱ्याचा गोटा. मागच्या खोलीतून आक्कांचं हसू ऐकू आलं. म्हातारी अंथरुणाला खिळलेली, पण कान शाबूत.

"फोडलात का नारळ?" त्यांनी विचारलं.

"फोडला. पण जुना निघाला, आक्का."

"असू दे, असू दे. चटणी चांगली होईल."

थंडी पडायला लागली होती. आक्कांचं पांघरूण म्हणजे एक विरलेली चादर. हौसानं माझी शाल घडी मोडून त्यांच्या अंगावर घातली. आक्कांना दिसायचं कमी. त्यांनी काठावरून बोटं फिरवली, एका कोपऱ्यापाशी थांबल्या, परत फिरवली.

"कुठली गं ही?"

"ह्यांच्या सत्काराची."

आक्कांनी परत तोच कोपरा चाचपला. मग शाल गळ्यापर्यंत ओढून घेत म्हणाल्या, "राहू दे माझ्यावर."

आम्हाला काय, राहिली.

दुसऱ्या दिवशी मी कॉलनीच्या हास्यक्लबात जायला लागलो. सकाळी मैदानावर गोल उभं राहायचं आणि हात वर करून हसायचं. मी जन्मात कधी विनाकारण हसलो नव्हतो, पण आवडलं. नंतर कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा, वाटेत मंगळवारचा बाजार. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचा जावई रुसला, कुणाच्या टाकीत पाल पडली, हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळायचं. न विचारता कुणीही घरात यायचं, बसायचं, लोणच्याची बरणी उघडून चाखून बघायचं. ट्रकच्या केबिनमध्ये जन्म गेलेल्या माणसाला हे सगळं सणासारखं वाटत होतं. हौसा तर भजनी मंडळात टाळ धरून बसायला लागली.

त्याच आठवड्यात चिवटे आले. चहा घेतला. इकडचं तिकडचं बोलले.

"थंडी काय म्हणतेय, सोपानराव?"

"आहे की बरीच."

"शाल वापरता का नाही?"

"मी नाही. आक्का पांघरतात."

चिवट्यांचा कप बशीच्या वर थांबला. "कोण, गोदाक्का?"

"दुसऱ्या कोण? फार आवडलीय त्यांना. रात्रंदिवस अंगावर असते."

"हं." त्यांनी कप ठेवला. "काय आहे, लोकर अशी उघड्यावर राहिली की कसर लागते. आपल्या कॉलनीत पद्धत आहे, लोकर सरांकडे ठेवायची. त्यांच्याकडे सागवानी कपाट आहे."

"सगळ्यांची लोकर?"

"हो. म्हणजे, सगळ्यांची अशी नाही… पण पद्धत आहे."

"आमच्याकडे पत्र्याची पेटी आहे. डांबराच्या गोळ्या टाकतो आम्ही. तुम्ही काळजी करू नका."

चिवट्यांनी कपाळावरून हात फिरवला आणि ते उठले. जाताना दारात थांबले. "नारळ कसा होता?"

"खोबरं झालं होतं. चटणी केली."

"केली?" एवढंच म्हणून ते गेले. चालताना हात मागे बांधले होते, कुणाच्या मयताला निघाल्यासारखे.

दोन दिवसांनी रेठरेकर वहिनी आल्या. हळदीकुंकू नाही, काही नाही. सरळ मागच्या खोलीत जाऊन आक्कांपाशी बसल्या.

"बऱ्या आहात ना? ही शाल मळलीय हो. द्या, मी रिठ्यात धुऊन आणते."

"छ्या छ्या," हौसा मध्ये पडली, "तुम्हाला कशापायी तरास? मी धुईन की."

"अगं, जरीची आहे, तुला जमायचं नाही."

"मळू दे," आक्का म्हणाल्या. "मला मळलेली चालते."

वहिनींनी आक्कांकडे बघितलं. आक्कांनी डोळे मिटून घेतले. मला त्यात काहीच कळलं नाही. मी मनात म्हटलं, किती प्रेमळ माणसं, शालीचीसुद्धा काळजी!

मग मात्र वारं फिरलं. संस्थेची सभा होती, आमच्या पत्राचा विषय होता. मी आंघोळ करून, टोपी घालून गेलो. समाजमंदिरात सगळे जण पोहे खात बसले होते. चिवटे उठून म्हणाले, "गणपूर्तीअभावी सभा तहकूब."

"अहो, सगळे तर आहेत," मी म्हणालो.

"आहेत, पण उपस्थित नाहीत," चिवटे म्हणाले आणि पोह्यांवर लिंबू पिळायला लागले.

पुढच्या सभेतही तेच. पोह्यांऐवजी उपीट, एवढाच फरक. हास्यक्लबात लोक माझ्याकडे बघून हसेनासे झाले. तिथं तर हसायलाच यायचं असतं, तरी माझ्या बाजूला आले की तोंड मिटायचं. भजनी मंडळात हौसाच्या हातातले टाळ दुसरीला दिले. हौसा घरी येऊन म्हणाली, "आपलं काय चुकलं वो? मी भाजी मागितली कुणाकडं? मोठ्यानं बोलले?"

मी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. आणि तेवढ्यात बडोद्याहून विलासचा फोन आला.

"काका, आईची तब्येत खालावलीय म्हणता. मग व्यवहाराची घाई नको. संस्थेनं पत्र दिलेलं नाहीच अजून. इथं माझ्या ओळखीचा एकजण विचारतोय, घर पाडून तीन मजले चढवायचे म्हणतोय. उद्या आई गेली… म्हणजे, तिचं काही कमीजास्त झालं, तर नाव माझंच लागणार. तुमचा विसार परत देऊ, तसं काही नाही."

"आणि आईला न्यायला कधी येताय?"

"बघू. सुट्टीचं बघतोय."

मी फोन ठेवला. आक्कांना दोन दिवस ताप होता. डॉक्टर म्हणून गेले होते, वय झालंय, आता फार औषध नको. म्हणजे आक्का असेपर्यंत पत्र आलं तर घर आमचं. नाही आलं तर परत भाड्याची खोली, परत कुणाची तरी मालकीण. हौसा चुलीपुढे बसावं तशी गॅसपुढे बसून होती. गॅस पेटवलेला नव्हता.

मी उठून थेट रेठरेकर सरांकडे गेलो.

सर गळ्यात मफलर घालून पेपर वाचत होते. मी पायऱ्यांवरच हात जोडले. "सर, काय चुकलं असेल तर सांगा. कान धरतो. पण आमचं पत्र द्या."

"बसा." त्यांनी पेपराची घडी घातली. "सोपानराव, सत्कार म्हणजे काय?"

"तुम्हीच सांगा."

"सत्कार म्हणजे प्रवाह. एकाकडून दुसऱ्याकडे. तो एका जागी थांबला की त्याचं डबकं होतं."

"ते पाण्याच्या टाकीमागचं डबकं का? मी उद्या फावडं घेऊन वाट करून देतो."

सरांनी डोळे मिटले. "सव्वीस जानेवारीला माझा अमृतमहोत्सव आहे. पंच्याहत्तर पूर्ण. आमदार येणार आहेत. झेंडावंदन आणि सत्कार एकाच मांडवात. समाजमंदिरातल्या भिंतीवर सगळ्यांचे फोटो आहेत. माझा नाही. मी दुसऱ्यांना घालत आलो."

"मग होईल की आता."

"कसा होईल?"

"म्हणजे?"

"म्हणजे… मी काही मागणार नाही, सोपानराव. मी मागणारा माणूस नव्हे."

"अहो सर, काय पाहिजे ते सांगा. मी आत्ता करतो."

"सांगितल्यावर केलं, तर त्याला अर्थ काय राहिला?" सर म्हणाले आणि त्यांनी परत पेपर उघडला.

मी घरी आलो. आक्कांना ताप उतरून जरा बरं वाटत होतं, हौसा त्यांना पेज पाजत होती. मी सरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. प्रवाह, डबकं, सगळं. आक्का हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला, हौसानं पाठ चोळली, तरी हसू थांबेना.

"सोपानराव," त्या शेवटी म्हणाल्या, "इतकी वर्षं मुलांना शिकवलं त्यानं, आणि एक वाक्य सरळ बोलता येत नाही. अहो, त्यांना शाल परत पाहिजे."

"कुठली शाल?"

"ही, माझ्या अंगावरची. कॉलनीत शाल एकच आहे. कॉलनी झाली त्या वर्षी आमच्या ह्यांनी आणली. पहिले अध्यक्ष ना ते. खांद्यावर घालायची, फोटो काढायचा, आणि दुसऱ्या दिवशी ज्याचा सत्कार झाला त्याच्या बायकोनं पदराखाली लपवून अध्यक्षांच्या घरी आणून द्यायची. 'चुकून आमच्याकडे राहिली' म्हणायचं. सांगायचं कुणी नाही, विचारायचं कुणी नाही. नारळसुद्धा तसाच."

"नारळ तर आम्ही फोडला!" हौसा ओरडली.

"ऐकला मी फोडताना. बरं झालं. त्याच्या शेंडीला मीच दोनदा हळद लावून दिली होती, ताजा दिसावा म्हणून."

"मग नवी शाल का घेत नाहीत?" मी विचारलं.

"नवी घेतली तर जुनी एकच होती हे कबूल करायला नको? इथं प्रत्येकाला वाटतं, आपण शाल परत केली हे बाकीच्यांना ठाऊक नाही."

हौसानं पेजेची वाटी खाली ठेवली. "आक्का, तुम्हाला पहिल्या दिवसापासनं ठाऊक होतं? आन् बोलला न्हाईत? आमचं घर चाललंय! काढा ती, मी आत्ता नेऊन देते."

तिनं हात पुढे केला. आक्कांनी शाल छातीशी गच्च धरली. काटकुळ्या मुठी, पण मला नसत्या सोडवता आल्या.

"हात लावू नकोस, हौसा."

"अवो, पण…"

"सत्कार झाला की ही माझ्याकडे यायची. कुणाचा घाम, कुणाचं अत्तर, कुणाच्या पानाचा डाग. थंड पाण्यात रिठे भिजवायचे, सावलीत वाळवायची, ओलं फडकं टाकून इस्त्री करायची. हे होते तोवर केलं. हे गेले, कपाट रेठरेकरांकडे गेलं, तरी धुवायला माझ्याकडेच. इस्त्री हातात धरवेना तोपर्यंत केलं. आणि अंगावर घेतली ती आत्ता, तू घातलीस तेव्हा. किती ऊबदार आहे, मला माहीतच नव्हतं गं."

हौसानं हात मागे घेतला.

"तुमचा सत्कार नाही केला कधी?" मी विचारलं.

"माझा? कशाबद्दल?" आक्का म्हणाल्या. मग जरा वेळानं, "त्यांना बोलवा. सगळ्यांना. पत्र घेऊन या म्हणावं. गोदाक्का म्हणतेय, माझा सत्कार करा, मग शालीचं बोलू. आणि माईक नको, मला ऐकू येतं."

मी निरोप दिला तेव्हा चिवट्यांना आधी हसू आलं, मग घाम आला. त्यांची आणि सरांची बरीच खलबतं झाली. शेवटी सरांनीच ठरवलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता समितीची माणसं आणि त्यांच्या बायका आमच्या मागच्या खोलीत दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. या वेळी गणपूर्ती झाली.

"आधी पत्र," आक्का म्हणाल्या.

चिवट्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. अक्षरं मी चाळिशीनंतर नंदाच्या पाटीवर शिकलो, त्यामुळे मला वाचायला वेळ लागतो. सगळे थांबले. शिक्का होता, सह्या होत्या. मी मान हलवली.

"आता भाषण."

सरांनी घसा साफ केला. "श्रीमती गोदावरीबाई पाटणकर यांच्याविषयी बोलावं तेवढं थोडंच आहे. त्यांच्या कार्याचा आढावा घ्यायचा तर वेळ अपुरा पडेल…"

"वेळ आहे मला," आक्का म्हणाल्या. "तुम्हाला घाई आहे का?"

"नाही, नाही. तर… कॉलनीचे संस्थापक अण्णा यांच्या सहधर्मचारिणी म्हणून…"

"ते अण्णांचं झालं. माझं सांगा."

सर थांबले. त्यांनी छताकडे बघितलं, चिवट्यांकडे बघितलं. इतकी वर्षं समोरासमोर राहिलेला माणूस, ज्याला मोतीबिंदूवर पाऊण तास बोलता येत होतं, त्याला शब्द सापडेना. "त्यांचे… पोहे," ते म्हणाले. "त्यांच्या हातचे पोहे उत्तम असायचे."

बायकांपैकी कुणीतरी हसू दाबलं.

तेव्हा चिवटे बोलले. त्यांना कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. "माझा सत्कार झाला, पदोन्नतीचा, तेव्हा माझ्या तंबाखूचा डाग शालीवर पडला. हा एवढा. मी बायकोला म्हटलं, दुमडून दे, दिसणार नाही. दोन महिन्यांनी दुसऱ्याच्या सत्काराला मी मुद्दाम पुढे बसून बघितलं. डाग नव्हता."

"तो तुमचा होता होय?" आक्का म्हणाल्या. "तीनदा धुवावी लागली. त्यांच्या घरून आली म्हणून मी रेठरेकरांना शिव्या घालत होते."

खोलीत सगळेच हसले. हास्यक्लबात मी तसं हसू कधी ऐकलं नव्हतं. सरसुद्धा हसले.

"चला, घाला शाल," आक्का म्हणाल्या.

आता अडचण अशी, की शाल त्यांच्या अंगावरच होती. घालायची तर आधी काढायला हवी. सर वाकले, दोन्ही हातांनी शाल उचलली. आक्का त्या विरलेल्या लुगड्यात एवढ्याशा दिसायला लागल्या. आणि शाल सरांच्या हातात आली. इतके दिवस कॉलनी जिच्यामागे होती, ती शाल. सर ती धरून उभे राहिले. चिवट्यांची नजर दाराकडे गेली. रेठरेकर वहिनींनी श्वास रोखला होता.

"थांबलात का?" आक्का म्हणाल्या. "थंडी वाजतेय मला."

सरांनी शाल घातली. नीट घातली, खांद्यावर सारखी केली, पायांवरून ओढली. हौसानं सकाळी बाजारातून आणलेला नारळ त्यांच्या हातात दिला. आक्कांनी तो कानाशी धरून हलवला.

"पाणी आहे!" त्या म्हणाल्या.

फोटो काढून झाला. सगळे निघाले, चिवटे मात्र दारात रेंगाळले. "आक्का, मग ते… शालीचं बोलायचं होतं."

"मी गेल्यावर न्या," आक्का म्हणाल्या. "फार थांबावं लागणार नाही."

दोन दिवसांनी निबंधक कार्यालयाचा माणूस घरी आला. आक्कांनी थरथरत, पण पूर्ण नाव लिहून सही केली. विलासला फोनवर त्यांनी स्वतःच सांगितलं, "घर दिलं. आता सुट्टी मिळाली तरी घाई करू नकोस."

त्यानंतर आक्कांची जेवढी विचारपूस झाली तेवढी भालेपुरात कुणाची झाली नसेल. सकाळी चिवटे, दुपारी वहिनी, संध्याकाळी सर स्वतः.

"कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. आज दोन घास जास्त जेवल्या."

"अरे वा," सर म्हणायचे. पण त्यांचा चेहरा पडायचा, आणि मग पडला म्हणून त्यांनाच लाज वाटायची. सव्वीस तारीख जवळ येत होती. वहिनी सूप आणायच्या, चिवटे मोसंबी आणायचे, आणि आक्का ते सगळं खाऊन आणखी टवटवीत दिसायच्या. हौसाच्या हातात भजनी मंडळानं टाळ परत दिले. संक्रांतीला कॉलनीतल्या झाडून सगळ्या बायका तिळगूळ घेऊन आक्कांकडे आल्या. आक्कांनी प्रत्येकीला शालीचा काठ हातात घेऊन बघायला लावला. प्रत्येकीनं ती कधी ना कधी पदराखाली लपवून नेली होती, पण अशी उजेडात बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी, किंक्रांतीला सकाळी, हौसा चहा घेऊन गेली तेव्हा आक्का गेलेल्या होत्या. शाल गळ्यापर्यंत ओढलेली होती.

विलास विमानानं आला. सुट्टी मिळाली. अख्खी कॉलनी स्मशानात होती. लाकडं रचणाऱ्यानं आक्कांना चितेवर ठेवायच्या आधी वाकून बघितलं आणि विचारलं, "वरची शाल चांगली दिसतीया. काढून ठेवू का कुणाची असंल तर?"

विलासनं माझ्याकडे बघितलं, मी चिवट्यांकडे. चिवट्यांनी सरांच्या कानाशी लागून विचारलं, "काढू का? शब्द दिलाय त्यांनी." सर समोर बघत होते. अमृतमहोत्सवाला अकरा दिवस राहिले होते.

"संस्थेची आहे," सर म्हणाले.

लाकडं रचणाऱ्यानं शालीला हात घातला.

"थांब," सर म्हणाले. "म्हणजे… संस्थेकडून आहे. राहू दे."

शाल जळायला वेळ लागला नाही. काठाची जर मात्र थोडा वेळ चमकत राहिली. सर शेवटपर्यंत उभे होते, आणि शोकसभेत कधी नव्हे ते दोनच वाक्यं बोलले.

सव्वीस जानेवारीला आमदार आले नाहीत. झेंडावंदन झालं, सरांचा सत्कार झाला. चिवट्यांनी साताऱ्याहून नवी शाल आणली होती, निळी. दुसऱ्या दिवशी ती परत येईल म्हणून चिवटे वाट बघत राहिले. मग आठवडाभर, मग महिनाभर. सरांनी ती परत केली नाही. चिवटे त्यांच्याकडे जाऊन थंडीबद्दल, कसरीबद्दल, लोकरीबद्दल बोलून आले. सर म्हणाले, "आमच्याकडे सागवानी कपाट आहे, काळजी करू नका." तेव्हापासून समाधान कॉलनीत सत्काराला गुलाबाचं एक फूल देतात. ते कुणी परत मागत नाही.

रेठरेकर सर त्यानंतर पाच वर्षांनी चैत्रात गेले. चिवटे करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. माझी हौसा गेल्या वर्षी, दिवाळी झाल्यावरच्या पहिल्या सोमवारी गेली.